केवलमूल्य आणि ऋण संख्यांचा गुणाकार: नववीतल्या मुलीला कसे समजवावे?

नववीची आई

नमस्कार. माझी मुलगी यंदा नववीत आहे. सातवीत पूर्णांक संख्यांचा गुणाकार तिने नियम पाठ करून निभावला, पण आता वास्तव संख्यांच्या प्रकरणात केवलमूल्यापाशी, म्हणजे उभ्या रेघांनी दाखवलेल्या संख्येच्या शून्यापासूनच्या अंतरापाशी, तिचे घोडे अडले आहे. |−७| = ७ हे तिला पटते, कारण 'चिन्ह काढून टाकायचे' एवढेच तिने लक्षात ठेवले आहे. काल मात्र |५ − २क्ष| = ७ हे उदाहरण सोडवताना तिने उभ्या रेघांमधून −२ सामाईक काढून −२ × |क्ष − २.५| = ७ असे लिहिले, त्यातून |क्ष − २.५| = −३.५ आले, आणि केवलमूल्य ऋण कसे असेल या विचाराने ती वही मिटून बसली. 'क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष' हे वाक्यही तिला चुकीचे वाटते. सुरुवात कुठून करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सुचवावे.

खडूफळा

ताई, उत्तर ऋण आल्याबरोबर मुलीला ते खटकले, म्हणजे केवलमूल्याचा अर्थ तिच्यापर्यंत पोहोचला आहे. कच्चा राहिला आहे तो गुणाकार, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

मी माध्यमिक वर्गांना गणित शिकवतो आणि यासाठी घरातली फरशी वापरण्याचा सल्ला देतो. फरश्यांच्या एका ओळीवर खडूने संख्यारेषा आखा, मधल्या सांध्यावर शून्य लिहा आणि मुलीला ३ वर उभे करा. −२ ने गुणायचे म्हणजे दोन कामे करायची: शून्यापासूनचे अंतर दुप्पट करायचे आणि शून्याच्या पलीकडच्या बाजूला जायचे. ती −६ वर पोहोचेल. पुन्हा −२ ने गुणायला सांगा. अंतर १२ होईल, बाजू पुन्हा बदलेल आणि ती धन बाजूला येईल. ऋण गुणिले ऋण धन का, हे तिला स्वतःच्या पायांनी कळेल. (कर्जाचे उदाहरण बेरजेसाठी उत्तम आहे, गुणाकारासाठी मी ते टाळतो, कारण कर्जाला कर्जाने गुणणे म्हणजे काय, हे मुलांना सांगता येत नाही.)

आता शून्यापासून −४ पर्यंत सुतळी ताणून कापा आणि तीच सुतळी धन बाजूला ठेवा. ती बरोबर ४ वर संपेल, कारण सुतळीला लांबी असते, बाजू नसते. केवलमूल्य म्हणजे ही सुतळी. गुणाकारातल्या दोन कामांपैकी बाजू बदलण्याचे काम सुतळीला दिसतच नाही, फक्त अंतराची पट दिसते; म्हणून |अ × ब| = |अ| × |ब|. तुमच्या मुलीने −२ बाहेर काढला हे योग्यच केले, पण रेघांच्या बाहेर येताना तो |−२|, म्हणजे २ होऊन यायला हवा होता. मग २ × |क्ष − २.५| = ७, म्हणून |क्ष − २.५| = ३.५, म्हणजे २.५ पासून साडेतीन अंतरावरच्या संख्या: ६ आणि −१.

संख्यारेषा

सरांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडते. '−क्ष' हे 'उणे क्ष' असे न वाचता 'क्षची विरुद्ध संख्या' असे वाचायला लावा. क्ष = −४ असेल तर तिची विरुद्ध संख्या ४, आणि |क्ष| = −क्ष या वाक्यातला विरोध तिथेच मिटतो. 'चिन्ह काढून टाकायचे' हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा, कारण क्षला काढण्यासारखे चिन्ह दिसतच नाही आणि मुले तिथेच फसतात. तसेच सरांनी सांगितलेला |अ × ब| = |अ| × |ब| यासारखा नियम बेरजेला लागू नाही, हे लगेच दाखवा: |३ + (−५)| = २, पण |३| + |−५| = ८.

मुलीला इतिहासाची आवड असेल तर हेही सांगा की धन आणि ऋण संख्यांच्या गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात दिले, तर केवलमूल्याच्या या दोन उभ्या रेघा जर्मन गणिती वायरस्ट्रास याने १८४१ मध्ये वापरल्या. कल्पना आणि चिन्ह यांच्यात एवढे अंतर असते, हे कळल्यावर चिन्हाची भीती कमी होते.

नववीची आई

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी बैठकीच्या खोलीत खडूची रेषा आखली. सुतळी उलट बाजूला ठेवताच ती म्हणाली, "म्हणजे |५ − २क्ष| आणि |२क्ष − ५| एकच आहेत." मी हे सांगितले नव्हते. मग तिने ६ आणि −१ दोन्ही किमती मूळ उदाहरणात घालून पडताळा घेतला: ५ − १२ = −७ आणि ५ + २ = ७. आता पुढे काय द्यावे?

खडूफळा

|५ − २क्ष| = −७ द्या, आणि ती आकडेमोड करायला बसते की बघताक्षणी उकल नाही म्हणून सांगते, ते पाहा.