सेन्सेक्स ५०,०००! पण मंदी गेली कधी?

फोंडेकर: काल, २१ जानेवारी २०२१ला, सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, पन्नास हजारांना टेकून आला आणि सगळ्या ग्रुपवर पेढे वाटणं सुरू झालं. गेल्या मार्चच्या २४ तारखेला हाच आकडा २५,६३८ पर्यंत कोसळला होता. म्हणजे दहा महिन्यांत जवळपास दुप्पट. या काळात देशाचं काय झालं? एप्रिल ते जून २०२० मध्ये जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, २३.९ टक्क्यांनी घसरला, पुढच्या तिमाहीत ७.५ टक्क्यांनी. लागोपाठ दोन तिमाह्या उणे, पुस्तकातली मंदी ती हीच. माझं म्हणणं एवढंच की सेन्सेक्समध्ये तीस कंपन्या आहेत. आपल्या गोव्यातला कळंगुटच्या किनाऱ्यावरचा शॅक, पणजीतलं गेस्ट हाऊस, वास्कोचा बार्जवाला त्यात कुठे बसतो? पेढे कुणी कुणाला द्यायचे?

म्हापसेकर: दादा, बाजार आजचा भाव लावतच नाही, पुढच्या वर्षा-दीड वर्षाचा लावतो. अमेरिकेत बाजाराने तळ गाठला मार्च २००९ मध्ये, आणि बेकारी १० टक्क्यांवर पोचली त्याच वर्षी ऑक्टोबरला. नोकऱ्या परत येईपर्यंत थांबू म्हणणारे फलाटावरच राहिले. इथे १६ तारखेपासून लसीकरण सुरू झालंय. बाजाराला ते दिसतं, तुम्हाला बंद शॅक दिसतो.

डिचोलीकर: एवढं पुढचं दिसतं तर गेल्या जानेवारीत ४२ हजारांवर काय करत होता? वुहान बंद झाल्यावरही फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ४१ हजारांवर मजेत होता की! आमच्याकडे मंदी कोरोनाने आणलीच नाही मरे. सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि १६ मार्च २०१८ पासून खाणी थांबल्या. तेव्हापासून खनिज वाहणारे टिप्पर ताडपत्री घालून अंगणात उभे आहेत, टायर विरले, बँकेचे हप्ते मात्र चालू. या तीन वर्षांत निर्देशांकाने किती विक्रम केले ते तुम्हीच मोजा.

म्हापसेकर: खाणी कोर्टाने थांबवल्या, दलाल स्ट्रीटच्या शेअर बाजाराने नाही. विषय भरकटवू नका.

मडगावची: दोघेही पैशाचं बोलतच नाहीयेत. रिझर्व्ह बँकेने मार्च आणि मे मिळून रेपो, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आणला. वर्षाच्या ठेवीला पाच टक्क्यांच्या आसपास व्याज, आणि ऑक्टोबरात महागाई ७.६. ठेवीत पैसा ठेवून आपणच घट सोसायची. मग लोक शेअर ठेवायचं डिमॅट खातं उघडणार नाहीत तर काय करणार? परदेशी संस्थांनी २०२० मध्ये दीड लाख कोटींहून जास्त आपल्या शेअर्समध्ये ओतले, कारण त्यांच्याकडे तर व्याज शून्यावर. याला आशावाद म्हणू नका, नाइलाज म्हणा. ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या पेन्शनर माणसाने उतरत्या वयात बाजारात उतरावं लागणं मला तरी बरं वाटत नाही.

फोंडेकर: बरोबर. त्यात आणखी एक. सप्टेंबर तिमाहीचे निकाल आठवा: बऱ्याच कंपन्यांची विक्री घटली, तरी नफा वाढला. कच्चा माल स्वस्त, प्रवास बंद, जाहिरात कमी आणि पगाराला कात्री. निकालात ‘खर्चनियंत्रण’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते वेर्णाच्या कारखान्यातल्या कंत्राटी पोरासाठी ‘उद्यापासून येऊ नको’ असतं. त्याचा खिसा रिकामा म्हणून इथल्या दुकानात गिऱ्हाईक नाही. मोठ्या कंपनीचा नफा तरी असा किती तिमाह्या वाढेल? शेवटी साबण-बिस्कीट घेणारा तोच ना?

म्हापसेकर: लहान धंदे बुडाले की त्यांचं गिऱ्हाईक मोठ्या कंपनीकडे जातं. वाईट आहे, पण भाव त्याचाच वाढतोय. मी काही पुण्य करायला शेअर घेत नाही.

डिचोलीकर: हे मात्र प्रामाणिक बोललात.

मडगावची: आणि जपानही विसरू नका, म्हापसेकर. १९८९ च्या डिसेंबरात तिथला निर्देशांक निक्केई ३८,९१५ वर होता, एकतीस वर्षं झाली, २०२१ उजाडलं तरी तिथे परत पोचलेला नाही. ‘पुढचं’ तेव्हाही सगळ्यांना दिसत होतं.

म्हापसेकर: आपण जपान नाही. १ फेब्रुवारीला बजेट आहे, तोवर मी एकही शेअर विकत नाही. परदेशी पर्यटकांची चार्टर विमानं कधी सुरू होणार ते कुणाला कळलं तर इथे टाका, आमच्या भावाच्या हॉटेलच्या खोल्या अजून रिकाम्याच आहेत.