कंपाउंडर, नॅक आणि पुढाऱ्यांची जीभ

टिळकवाडीकर:
ऑगस्ट २०२० मध्ये संजय राऊत एका मुलाखतीत म्हणाले होते की डॉक्टरांपेक्षा कंपाउंडरला जास्त कळतं, आपण औषध त्याच्याकडूनच घेतो. कोविडचे दिवस, निवासी डॉक्टरांची मार्ड आणि डॉक्टरांची देशव्यापी संघटना आयएमए दोघंही भडकले. मग अपमानाचा हेतू नव्हता असा खुलासा आला. परवा कट्ट्यावर तेच पुन्हा निघालं. माझं म्हणणं एवढंच की पदवी, नोंदणी, मानांकन यांवर पुढाऱ्यानं हवं तेवढं कडक बोलावं, पण रोख प्रक्रियेवर हवा. शिकून, कौन्सिलात नाव नोंदवून आलेल्या अख्ख्या पेशाला एका वाक्यात निकालात काढणं असभ्यच. त्यात शिवी नसली तरी.

निपाणीची सिस्टर:
गोड भाषेचं कौतुक पुरे झालं हो. २०१७ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयकात आयुषवाल्यांना, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे शिकलेल्यांना, ब्रिज कोर्स नावाचा छोटा जोडअभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधं लिहू द्यायचं कलम होतं. भाषा लोण्यासारखी, एक वाकडा शब्द नाही. डॉक्टर रस्त्यावर उतरले म्हणून ते गेलं. राऊतांच्या टोमण्यानं कुणाची पाटी उतरली, सांगा बघू.

टिळकवाडीकर:
कलमाला चुकीचं म्हणा की. ते विधेयक संसदीय समितीकडं गेलं, तिथं बाजू मांडता आली. टोमण्यावर कुठल्या समितीपुढं जायचं?

खानापूरचा मास्तर:
आणि कॉलेजांना श्रेणी देणारी नॅक? फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयनं आंध्रातल्या एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून पाहणी समितीच्या अध्यक्षासकट सदस्यांना धरलं. उद्या आमचा आमदार म्हणाला की श्रेणी विकत मिळते, तर प्राचार्य मंडळी नाक मुरडणार. टीम येणार म्हटल्यावर भिंतींना रंग लागतो, जुन्या तारखांचे कागद एका रात्रीत तयार होतात, हे कॉलेजातल्या शिपायालाही ठाऊक आहे. खरं बोलताना सभ्यतेचा परवाना कशाला?

टिळकवाडीकर:
मास्तर, त्यानं कुठली पाहणी, कुठली समिती ते सांगावं, चौकशी मागावी. मी टाळ्या वाजवतो. सगळ्याच श्रेणी विकाऊ म्हटलं की ज्यांनी खरंच राबून मिळवली तेही चोर ठरतात.

शिनोळी नाका:
तुम्ही दोघंही माणूस बघून माप लावताय. आपला बोलला की रोखठोक, बेंगळूरचा मंत्री बोलला की उर्मट. नोव्हेंबर २०१७ आठवतोय? इथं बेळगावात अधिवेशन आणि खासगी दवाखान्यांच्या दरांना लगाम घालणाऱ्या केपीएमई कायद्यातल्या दुरुस्तीविरुद्ध खासगी डॉक्टरांचं आंदोलन. आरोग्यमंत्री रमेशकुमार मागं हटत नाहीत म्हणून आपल्यातलेच कितीजण त्यांना उद्धट म्हणत होते. बिलाच्या आकड्याला घाबरणाऱ्या पेशंटला विचारलं असतं तर?
महाराष्ट्रात सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना मर्यादित ॲलोपॅथीची मुभा देणारी दुरुस्ती २०१४ ची. त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी संप केला. ती मुभा सीमेवरच्या नाक्याच्या अलीकडं, आपल्या कर्नाटकात, चालत नाही. पलीकडचा पुढारी त्यांना डॉक्टर म्हणणार, अलीकडचा बोगस. दोघंही आपापल्या कायद्यानं बरोबरच बोलतील.

टिळकवाडीकर:
कायदा वेगळा असेल, पण कुणाला बोगस म्हणण्याआधी त्याची नोंदणी बघायला काय जातं? तेवढं बघून बोलला तर मी त्याला असभ्य म्हणणार नाही, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

निपाणीची सिस्टर:
मानापमान ठेवा बाजूला. साथीच्या दिवसांत खासदारानं सांगितलं, औषध कंपाउंडरकडून घेतो. आमच्याकडं खेड्यातला माणूस हे ऐकून खरंच तसं करतो, गोळी लागू पडली नाही की तिसऱ्या दिवशी आमच्याकडं येतो, तोवर दम लागलेला. खुलासा कानावर आला तो डॉक्टरांच्या मानाबद्दल. त्या पेशंटला कुणी काय सांगितलं?