मदत हवी आहे: टी सीआरबीचा स्फोट सुरू झाला हे गच्चीवरून कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, इंदिरानगरात राहतो. सहा इंची न्यूटोनियन दुर्बीण, जुना डीएसएलआर आणि शेजारच्या सोसायटीचा एक हॅलोजन. तो साडेदहाला बंद होतो, म्हणजे वॉचमनच्या लक्षात राहिलं तर. बरेच दिवस उत्तर मुकुट तारकासमूहातल्या टी सीआरबी या अधूनमधून स्फोट होऊन उजळणाऱ्या ताऱ्यावर डोळा ठेवून आहे. १८६६ला उसळला, मग १९४६ला, आता पुन्हा भरत आलंय म्हणतात. एरवी दहाव्या प्रतीचा, उसळला की दुसऱ्या प्रतीपर्यंत (प्रतीचा आकडा लहान, तितका तारा तेजस्वी).

मध्यंतरी माझा पोपट झाला. मोजमाप १०.१ वरून ९.८ वर आलं आणि मी ग्रुपवर 'उजळतोय!' टाकून मोकळा. दोघंजण गाडी काढून दिंडोरी रोडला अंधारात जाऊन बसले. निघालं काय, तर नेहमीचा चढउतार. ही खरं तर दोन ताऱ्यांची जोडी; यातला लाल राक्षसी तारा जोडीदार श्वेत बटूच्या ओढीने लंबुळका झालाय. साधारण २२७ दिवसांच्या फेरीत त्याची रुंद बाजू दोनदा आपल्याकडे येते, तेवढंच. अजून टोमणे खातोय.

सध्या फोटोतला फक्त हिरवा चॅनेल मोजतो. बी (निळा) फिल्टर घ्यावा का? दुसरं म्हणजे, २०२१च्या ऑगस्टमध्ये आरएस ओफियुकी हा असाच तारा उसळला तेव्हा गॅमा, क्ष-किरण, रेडिओ सगळ्या दुर्बिणींनी तो टिपला (आपल्याकडे गटारीची रात्र, वर गच्च ढग). एवढ्या लवाजम्यात माझ्या आकड्यांना कोण विचारतं?

मुक्कामनारायणगाव: फिल्टरचे पैसे आत्ता वाचवा. रॉ फाइलमधून निळा चॅनेल वेगळा काढून मोजा. हिरव्या-लाल प्रकाशात राक्षसी ताराच भाव खातो; बटूभोवतीची तापलेल्या वायूची तबकडी निळ्यात जास्त दिसते, तीही मिनिटामिनिटाला लुकलुकत. हिरवा आणि निळा बरोबरीने चढले तर लंबुळकेपणा, निळाच जास्त चढला तर तबकडीत काहीतरी शिजतंय. पण खरा स्फोट काही तासांत सात-आठ प्रती वर जातो. ०.३ प्रतीवर कुणाची झोप मोडू नका.

आणखी एक. उसळल्यावर न्यूटोनियनमधून फोटो जळेल. ५० मिमीची लेन्स लावा, तुलनेला शेजारचा अल्फेका तारा आहे, २.२ प्रतीचा.

आकड्यांना कोण विचारतं म्हणता? १८६६ला आयर्लंडच्या बर्मिंगहॅम नावाच्या निरीक्षकाने टी सीआरबी उसळलेला पाहिला. त्याच रात्री, काही तास आधी, अथेन्सहून श्मिट हा खगोलनिरीक्षक आकाशाचा तोच भाग न्याहाळत होता आणि त्याला तिथे काही दिसलं नव्हतं. तारा किती झपाट्याने चढला ते त्या 'काही दिसलं नाही'वरून कळलं. आरएस ओफियुकीमध्ये अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांपेक्षा दोनेक दिवस उशिरा शिगेला पोचले. असा उशीर मोजायचा तर शून्य तास, म्हणजे स्फोट सुरू झाल्याची वेळ, कुठला ते आधी ठरायला हवं. आमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना स्फोटानंतर वळवतात. आधीच्या रात्री तिकडे कोण बघत होतं? नाशिकहून टी सीआरबी जवळजवळ डोक्यावरून जातो. तेव्हा नुसतं 'नाही' असलं तरी वेळेसकट लिहा.

मूळ धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं! नुसते 'नाही'वाले दिवस मी वहीत लिहितच नव्हतो. आजपासून सुरू.
रात्री ११:२०, ५० मिमी: नवीन काही नाही. न्यूटोनियन: हिरवा १०.०, निळा कालच्याइतकाच. हॅलोजन चालू.