मदत हवी आहे: कापूस, रुई, सरकीच्या दरांचं व्हीएआर मॉडेल फुगत चाललंय

कपाशीची_वही
राम राम मंडळी. एमएच्या प्रकल्पासाठी जळगाव जिल्ह्यातले कापूस, रुई आणि सरकीचे दर एकमेकांना कसे ओढतात ते व्हीएआरने (प्रत्येक दर स्वतःच्या आणि इतरांच्या मागच्या दरांवरून सांगणारं मॉडेल) मोजायचंय. ऑक्टोबर २०१२ ते सप्टेंबर २०२४, म्हणजे १४४ महिने. दर आहेत तसेच घेतले, महिन्यागणिक फरक काढलेला नाही. महिन्यांचे ११ डमी (त्या महिन्याला १, नाहीतर ० असे रकाने) लावलेत. जून ते सप्टेंबर बाजार समितीत कापसाचे दर मिळत नाहीत, म्हणून मे आणि ऑक्टोबर सरळ रेषेने जोडून ते भरले. एआयसीने (मॉडेल किती मोठं हवं ते ठरवणारा निकष) १२ लॅग, म्हणजे मागचे १२ महिने, सुचवले.

मॉडेलमध्ये रुईचा दर एकदा अचानक हलवून धक्का दिला की सरकीचा आलेख २४ महिन्यांनंतरही खाली बसत नाही, उलट फुगतो. ग्रेंजर चाचणी (कोणाच्या जुन्या दरांवरून कोणाचा पुढचा दर कळतो ते बघणारी) म्हणते कापूस आधी हलतो, सरकी मागून. गाईडना पटलंय, मला नाही. आणि चलांचा क्रम बदलला की चित्रच बदलतं. कुठे चुकतंय?

तापीकाठ
आधी मोजदाद करा. ३ चलं, १२ लॅग: दर समीकरणात ३६ गुणक, एक स्थिरांक, ११ डमी, एकूण ४८. पहिले १२ महिने लॅगमध्ये गेले, हातात राहिले १३२. एका गुणकामागे तीन नोंदीही नाहीत. एआयसीला १२ पर्यंत मोकळं सोडलं की तो तिथवर जातो. कमाल ४ द्या आणि बीआयसी (एआयसीपेक्षा कडक निकष) बघा.

फुगणं म्हणजे मॉडेल अस्थिर. मुळं (मॉडेल स्थिर आहे का ते सांगणारे आकडे) तपासा, पण जपून: आरच्या व्हार्स पॅकेजमध्ये ती १ पेक्षा लहान हवीत, पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समध्ये १ पेक्षा मोठी, कारण तिथे उलटी मुळं छापून येतात. इथे भलेभले फसतात.

ग्रेंजरचं उत्तर तर तुमच्या पट्टीनेच तयार केलंय. मे ते ऑक्टोबर रेघ ओढली म्हणजे जूनच्या आकड्यात ऑक्टोबरचा दर आधीच शिरला. मग कापसाला पुढचं 'दिसणारच'! सरकीचे दर बारमाही आणि खरे, म्हणून ती मागे पडल्यासारखी वाटते.

जिनचा_काटा
तापीकाठ यांना +१. त्यात माझी भर.

महिन्यांचा नाद सोडा, आठवड्याचे दर घ्या, फक्त नोव्हेंबर ते मार्च. ऑक्टोबरच्या पहिल्या वेचणीत ओल जास्त असते, मार्चनंतर फरदड (जुनीच झाडं राखून घेतलेला उशिराचा कापूस) येते आणि प्रत उतरते. कागदावर दर पडलेला दिसतो, प्रत्यक्षात माल बदललेला असतो. किमान-कमाल नको, सर्वसाधारण दर घ्या. आवक हे चल घेऊच नका. आपल्याकडे बराच कापूस खेडा खरेदीत (व्यापारी गावात येऊन घेतात) जातो, तो समितीच्या वहीत उतरत नाही.

हंगामाचे साधारण २१ आठवडे, १२ हंगाम: २५२ नोंदी. मार्चला पुढचा नोव्हेंबर चिकटवू नका. २ लॅग असतील तर प्रत्येक हंगामाचे पहिले २ आठवडे गाळा, उरतात २२८. तयार व्हीएआर फंक्शनला हे कळत नाही. लॅगचे रकाने हाताने पाडा आणि तिन्ही समीकरणं वेगवेगळी साध्या ओएलएसने (नेहमीचं रिग्रेशन) सोडवा. उजवी बाजू तिन्हीकडे सारखीच, त्यामुळे काहीही गमवत नाही.

आता मुख्य गोष्ट. हे तीन दर मोकळे नाहीत, जिनने (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारी गिरणी) बांधलेले आहेत. १ क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी, बाकी घट. समजा रुई ५७,००० रुपये खंडी. खंडी ३५६ किलोची, म्हणजे किलोला १६०. ३४ किलोचे ५,४४०. सरकी क्विंटलला ३,००० रुपये, ६४ किलोचे १,९२०. बेरीज ७,३६०. यातून कापसाचा दर वजा केला की उरतो गाळा. गाळा फार वाढला की जिनवाले चढाओढीने खरेदी करतात आणि कापूस वर जातो.

म्हणून नुसता फरक घेऊन व्हीएआर चालवला तर ही गाठच सुटते. तिन्ही चलं 'या आठवड्याचा बदल' अशी घ्या आणि प्रत्येक समीकरणात मागच्या आठवड्याचा गाळा जोडा. हेच व्हीईसीएम, म्हणजे एकमेकांना बांधलेल्या दरांसाठीचा व्हीएआर. कापसाच्या समीकरणात गाळ्याचा गुणक धन यायला हवा, रुई आणि सरकीत ऋण किंवा शून्याजवळ.

कपाशीची_वही
काटाभाऊ, गाळ्याला युनिट रूट चाचणी (तो आपल्या पातळीकडे परततो की भरकटतो ते बघणारी) कोणती लावू? आणि चलांचा क्रम, हमीभाव यांचं काय?

जिनचा_काटा
ताई, ३४ आणि ६४ हे आकडे तुम्ही बाहेरून दिलेत, म्हणून साधी डिकी-फुलर चाचणी चालते. रिग्रेशनने काढले असते तर एंगल-ग्रेंजरचे कडक तक्ते लागले असते. रुईचा उतारा ३३ आणि ३५ किलो धरूनही एकदा बघा.

क्रम: रुई, सरकी, शेवटी कापूस. रुईचा दर जिल्ह्याबाहेर ठरतो, सरकी तेल-ढेपेच्या बाजारावर चालते, आणि इथला खरेदीदार दोन्ही बघून कापसाचा भाव काढतो. महिन्याच्या आकड्यांत हा युक्तिवाद लंगडा, आठवड्यात टिकतो.

तापीकाठ
हमीभाव बाहेरचं चल. हंगामात एकदाच ठरतो: लांब धाग्याला क्विंटलमागे २०२३-२४ मध्ये ७,०२० रुपये, २०२४-२५ मध्ये ७,५२१. बाजार हमीभावाला टेकला की रुई पडूनही कापूस त्या मानाने पडत नाही. त्या आठवड्यांना डमी द्या आणि डमी गुणिले गाळा असं एक पद वाढवा. शिवाय २०२१-२२ चा हंगाम वगळून एकदा चालवा. त्या वर्षी कापूस १०,००० च्या वर गेला होता. तो काढल्यावर गुणकाची धन-ऋण खूण बदलली, तर सगळं उत्तर त्या एका हंगामावर उभं होतं असं प्रकल्पात लिहावं लागेल.

कपाशीची_वही
रकाने पाडायला बसते. गाळ्याचा आलेख इथेच टाकेन.