ऑगस्टाचा गोल्फ क्लब आणि आमचा मालगुजारी तलाव

बोडीकाठ (साकोली तालुका) :
अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल या खाजगी गोल्फ क्लबचा इतिहास बहुधा कौतुकानेच सांगितला जातो. बॉबी जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर मैदान उभारले आणि १९३४ पासून तेथे मास्टर्स ही नामांकित गोल्फ स्पर्धा होऊ लागली. मला मात्र त्या इतिहासात हिरवळीपेक्षा फाटक अधिक दिसते. १९८२ पर्यंत या स्पर्धेत खेळाडूंची पिशवी वाहणारे कॅडी क्लबचेच, आणि सगळे कृष्णवर्णीय असत. पहिला कृष्णवर्णीय सभासद मात्र १९९० साली आणि पहिल्या दोन स्त्रिया थेट २०१२ साली घेतल्या गेल्या.

कास्तकार :
भाऊ, ज्याची जागा आणि ज्याचा पैसा, त्याने सभासद कोण हे ठरवले तर त्यात गैर काय? २००२ साली स्त्रियांना सभासद घ्या म्हणून महिला संघटनेने मोहीम उघडली, तेव्हा प्रायोजकांना त्रास नको म्हणून क्लबने पुढील दोन वर्षे प्रक्षेपण जाहिरातींशिवाय केले. तोटा सोसला, पण कोणाच्या दबावाखाली निर्णय घेतला नाही.

बोडीकाठ :
१९९० साली तरी दबाव होताच. त्या वर्षी अलाबामातील शोल क्रीक क्लबच्या संस्थापकाने आपल्याकडे कृष्णवर्णीय सभासद घेत नसल्याचे उघड सांगितले, तेथे होणाऱ्या स्पर्धेचे जाहिरातदार मागे सरले आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना नियम बदलावे लागले. ऑगस्टाचे दार त्यानंतर काही आठवड्यांतच उघडले. राहिला मालकीचा प्रश्न. आपल्याकडचे तलावही मालगुजाराचेच, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचेच होते, तरी गावाचा निस्तार (पाणी, चराई अशा रोजच्या गरजांचा सामाईक हक्क) वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रूढी-हक्कांच्या नोंदीत, लिहिलेला असे आणि गुरांना पाणी पाजण्यासाठी कोणाची सभासदी लागत नसे.

कास्तकार :
आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर त्याच तलावांत गाळ साचला, पाळी (मातीचे बांध) फुटल्या, कारण सर्वांचे म्हटले की कोणाचेच राहत नाही. ऑगस्टाची हिरवळ आजही टिकून आहे, ती मालक जागेवर असल्यामुळेच, हे आपण सोयीस्करपणे वगळता.

धानबांधी :
दोघांनीही तलावाचे चित्र जरा गोड रंगवले आहे. निस्तार कागदावर साऱ्या गावाचा होता खरा, पण माझ्या आजीच्या सांगण्यानुसार आमच्या गावी तिच्या वस्तीच्या बायकांना मुख्य घाटावर उतरू देत नसत. घागर खाली ठेवून कोणी वरून पाणी ओतेपर्यंत थांबावे लागे. पाळीवर माती टाकण्याच्या कामाला मात्र हीच वस्ती आधी बोलावली जाई. कॅडीची गोष्ट वाचताना मला तीच आठवली, म्हणून बोडीकाठ भाऊंना विचारते की ऑगस्टाचे फाटक मोजताना आपल्या घाटाचे माप का घेतले नाही?

बोडीकाठ :
ताई, घेतले नाही, हे मान्य आहे. वाजिब-उल-अर्ज वाचताना घाटाबद्दल विचारायचे मला सुचलेच नाही.