अपुऱ्या दिवसांचं बाळ: पैसा मेंदूच्या रक्तप्रवाहावर नजर ठेवायला की गावात थेरपिस्टला?

डिचोलीकर: ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या मेंदूचा रक्तप्रवाह डॉप्लर सोनोग्राफीने, आणि ऑक्सिजन कपाळावरच्या सेन्सरने तपासत राहावा, सरकारने खर्च उचलावा. या बाळांच्या मेंदूतल्या पोकळ्यांलगतच्या रक्तवाहिन्या फार नाजूक. रक्तदाब वरखाली झाला तरी प्रवाह स्थिर ठेवायची शक्ती पुरती आलेली नसते. रक्तस्राव झालाच तर बहुतेकदा पहिल्या ७२ तासांत. तेव्हाच बघायचं नाही तर कधी?

एनआयसीयूवाली (नवजात अतिदक्षता विभागातली नर्स): बघून फायदा होतो हे तुम्ही धरूनच चाललात, दादा. याच सेन्सरवरच्या सेफबूस्क-३ चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. २८ आठवड्यांआधीची १६०१ बाळं. सेन्सर बघून उपचार केलेल्या गटात मृत्यू किंवा मेंदूला गंभीर इजा ३५.२ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३४. टाळूवरून सोनोग्राफी हवीच, त्यात वाद नाही. पण डॉप्लरचा एखादा आकडा घेऊन काय करणार? रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलला की तो हलतो, हृदयाजवळची डक्टस ही जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी उघडी असली तरी हलतो.

सत्तरी तालुक्यातली आई: माझ्या लेकाची सोनोग्राफी नॉर्मल होती. दुरुस्त वयाने, म्हणजे प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजून, पाच महिन्यांचा झाला तरी उजवा अंगठा मुठीतच. दुपटं बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर. सासूबाई म्हणायच्या, लवकर आलाय, उशिरा बसेल. थेरपिस्टने मांडीवर घेऊन मूठ कशी सोडवायची ते दाखवलं. पण त्यासाठी वाळपईहून पणजी, तिथून बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल. बाळ, पिशवी, दुधाची वाटी-चमचा. पावसात कितीदा राहिलंच. यंत्राचे पैसे मला इकडे द्या.

डिचोलीकर: ताई, तुमचं पटतं, पण इजा झाल्यावरची ही गोष्ट. आधी टाळायला नको?

एनआयसीयूवाली: टाळायचं तर जन्माआधी आणि जन्माच्या वेळी. वेळेआधी कळा येत असतील तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं, फार लवकरची प्रसूती असेल तर मॅग्नेशियम सल्फेट, आणि बाळाची तब्येत बरी असेल तर नाळ निदान अर्धा मिनिट थांबून बांधणं. यातल्या कशालाच सेन्सर लागत नाही.

डिचोलीकर: एका चाचणीवर दार बंद करू नका, सिस्टर. त्यांनी उपचार कसे केले तेही बघायला हवं. नॉर्मल सोनोग्राफीत काही निसटतं, हे तर ताईंच्याच लेकावरून दिसलं. म्हणजे जास्त बघायला हवं, कमी नव्हे.

सत्तरी तालुक्यातली आई: बघाच. अंगठा बघा, पाय बघा. वाळपईत येऊन बघा.