गच्चीवर छोटी पवनचक्की बसवून घराची लाईट निघते का?

जुळेसोलापूरकर:
मंडळी, घर दोन मजली झालंय, गच्ची रिकामी पडलीय. परवा एकजण छोटी पवनचक्की दाखवून गेला, 1 किलोवॅटची, पात्यांचा व्यास दोन मीटर, बॅटरीसकट दीड लाख सांगतोय. आमचं बिल महिन्याला 240 युनिटच्या आसपास येतं. मला तर वाटतं बसवावीच. सोलर संध्याकाळी बंद पडतं, आषाढात ढग आले की अजून कमी, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडं वारं सुटतं. गेल्या आषाढात वाळत घातलेली ओली चादर, आपली सोलापुरी जड चादर हो, चिमट्यासकट उडून शेजारच्यांच्या टाकीवर जाऊन पडली. एवढं वारं फुकट चाललंय तर वापरायचं का नाही?

वायरमन साखर पेठ:
दादा, थांबा, पैसे देऊ नका अजून. तो 1 किलोवॅट म्हणतोय तो कुठल्या वाऱ्याला ते विचारलं का? बहुतेक छोट्या चक्क्यांचा आकडा सेकंदाला 11-12 मीटर वाऱ्याचा असतो, म्हणजे ताशी 40 ते 43 किमी. आणि वाऱ्याचा हिशोब घनात चालतो, वेग निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा, एक तृतीयांश झाला की सत्ताविसावा. म्हणजे 12 च्या जागी 4 मीटर वारा असला तर 1000 वॅटचे उरले 37. दिवसरात्र फिरली तरी महिन्याला 27 युनिट. मधे झोत येतात म्हणून दुप्पट धरा, 50-55. बाकीचे 185 कुठून आणणार? मी स्वतः मागच्या मे महिन्यात आमच्या गच्चीवर वारा मोजायचं मीटर लावलं होतं, दुपारी मधेच 7 दाखवायचं आणि पहाटे कित्येक तास 2 च्या खालीच. तीनच्या आत बहुतेक चक्क्या वीजच देत नाहीत.

जुळेसोलापूरकर:
मग साताऱ्याकडं चाळकेवाडी, वनकुसवड्याला एवढ्या पवनचक्क्या काय उगाच उभ्या केल्यात का?

वायरमन साखर पेठ:
उगाच नाही, पण त्या पठारावर आहेत, मोकळ्यावर, उंच मनोऱ्यांवर. तुमच्या गच्चीवर कठडा आहे, जिन्याची खोली आहे, टाकी आहे, समोर तीन मजली बिल्डिंग आहे. वारा त्याला धडकून गरगर फिरतो, पाती सारखी तोंड बदलत बसतात. एक करून बघा, लांब बांबूला कठड्याच्या जवळ एक चिंधी बांधा आणि टोकाला एक. वरची एका दिशेला ताठ राहील आणि खालची नुसती गुंडाळत बसेल, चक्की त्या खालच्या चिंधीच्या जागी बसवणारेत हे लोक.

माळावरचा शेतकरी:
वायरमनभाऊंचं सगळं पटत नाही. आमची वस्ती मोहोळकडं माळावर आहे, आजूबाजूला झाड नाही का घर नाही. तीन वर्षं झाली, चाळीस फुटी पाइपवर छोटी चक्की, सोबत दोन सोलर पॅनल अन् बॅटरी. जून ते ऑगस्ट रात्रीचे बल्ब, मोबाईल चार्जिंग, गोठ्यातला कॅमेरा सगळं त्याच्यावर चालतंय, लाईट नसली तरी. पंप नाही चालत, ते मी कुणाला सांगतबी नाही. पण "चक्की म्हणजे पैसे पाण्यात" असं सरसकट म्हणू नका, जागा बघून बोला.

होटगी रोड ताई:
जागेचंच सांगते. आमच्या शेजारी भिंतीला लागून गच्चीवर बसवली होती. वारं सुटलं की स्लॅबमधून घूं घूं असा आवाज थेट आमच्या बेडरूममध्ये, सासूबाई रात्र रात्र उठून बसायच्या, बीपीच्या पेशंट आहेत त्या. वर्षभरात बेअरिंग खडखडायला लागलं, विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. शेवटी काढली त्यांनी, त्या बोल्टच्या भोकातून पावसाळ्यात गळती सुरू झाली ती वेगळीच. वस्तीत बसवताना शेजाऱ्यांचा विचार करा एवढीच कळकळीची विनंती.

जुळेसोलापूरकर:
ताई, हे लक्षातच आलं नव्हतं. पण वायरमनदादा, लाईट गेली की साधं सोलर पण बंद पडतं ना? मग रात्रीचं काय?

वायरमन साखर पेठ:
बरोबर, बॅटरी नसलेलं सोलर लाईट गेली की बंदच होतं, लाईनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे सोलर, लाईन आणि बॅटरी तिन्हीवर चालणारा, आणि बॅटरी घ्या. एरवी रात्रीचा प्रश्न नेट मीटरिंगनं सुटतो, दिवसा जास्तीचे युनिट लाईनला गेले ते बिलातून वजा होतात. आपल्या उन्हात 1 किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीनं रोज 4 युनिटच्या आसपास देतं. 2 किलोवॅट लावलं की तुमचे 240 तिथंच निघाले, आणि 2024 ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला 60 हजार अनुदान आहे. चक्कीला त्या योजनेत काही नाही.

माळावरचा शेतकरी:
शहरातल्या गच्चीसाठी हे मला मान्य. सोलर आधी लावा.

जुळेसोलापूरकर:
सोलरचा फॉर्म उद्याच भरतो. पण आषाढातलं आमच्या गच्चीवरचं वारं मला एकदा आकड्यात बघायचंच आहे, चक्कीवाल्याला तोवर थांबवतो. दादा, तुमचं मीटर महिनाभर मिळेल का? वीस फुटी जीआय पाइप घरात पडलाय, क्लॅम्प मी आणतो.

वायरमन साखर पेठ:
मिळेल की. रविवारी सकाळी येतो, पाइप टाकीला नको, जिन्याच्या खोलीच्या भिंतीला बांधू.